सद्गुणसौरभ, पान पासष्ट

"दिवे मालवले, की..." एवढं वाचून प्रमुख पाहुण्यांनी अंगठा जिभेला लावला आणि पान उलटलं. इथून पुढं जे झालं त्याला जगात एकच माणूस जबाबदार होता, आणि तो त्या वेळी सभागृहाच्या शेवटच्या रांगेत, बिस्किटांच्या खोक्याशेजारी बसून स्वतःच्या कारागिरीवर खूश होत होता.

छापखान्यात त्याला डिंक्या म्हणत. वय बावन्न, धंदा बाइंडिंगचा, बोटांना कायमचा डिंक. त्याच्याशी हात मिळवला की नंतर सोडवून घ्यावा लागे. सभा होती त्याच्या भाऊजींच्या स्मरणार्थ. भाऊजी म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान, वजनमापे खात्यातले निरीक्षक. तीन महिन्यांपूर्वी साडेनऊला झोपले, ते सकाळी उठलेच नाहीत. "झोपले मात्र वेळेवर हो," असं त्यांच्या भावानं भेटायला आलेल्या प्रत्येकाला सांगितलं होतं. माणूस सरळ. हयातभर लोकांचे तराजू तपासले, कुणाला कधी हसताना दिसले नाहीत, रडतानाही नाहीत. काटा कायम मधोमध.

खात्यातल्या लोकांनी त्यांच्या नावानं स्मरणग्रंथ काढायचं ठरवलं आणि त्याला 'सद्गुणसौरभ' असं नाव दिलं. बत्तीस जणांनी लेख दिले. बत्तीसही जणांनी भाऊजी वेळेवर येत असं लिहिलं. एकाचं तेवढ्यावर भागलं नाही, म्हणून त्यानं ते वेळेवर जात असंही लिहिलं. तेहेतिसावा लेख अक्काचा. किराणा सामानाची यादी सोडून अक्कानं जन्मात काही लिहिलं नव्हतं, पण हा लेख तिनं वही भरून लिहिला. वही डिंक्याच्या हातात देताना म्हणाली, "एक अक्षर इकडचं तिकडे होता कामा नये. मी आयुष्यात एवढंच बोलले आहे."

ही गोष्ट तिनं थट्टेत सांगितली नव्हती. आई गेली तेव्हा डिंक्या सहा वर्षांचा होता, आणि त्याला न्हाऊमाखू घालून माणसात आणला तो अक्कानंच. त्याबद्दल तिनं कधी अवाक्षर काढलं नाही, मागितलंही काही नाही. मागितलं ते हे एवढंच. शिवाय सभा झाली की अक्काचा तिच्या घरातला मुक्काम संपणार होता. तिची नणंद आणि दीर, म्हणजे वन्सं आणि भावजी, यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं, की घराला कुलूप घालायचं आणि वहिनीनं तीन महिने हिच्याकडे, तीन महिने त्याच्याकडे राहायचं.

"अक्काला विचारलंत का?" डिंक्यानं विचारलं होतं.

"विचारायचं काय त्यात? सांगितलं की," वन्सं म्हणाल्या होत्या. दोघांच्याही घरी कामाला बाई टिकत नव्हती, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

तर, पाहुण्यांनी पान उलटलं. हे गृहस्थ खात्यातले निवृत्त साहेब. तीस वर्षं सरकारी परिपत्रकं मोठ्यानं वाचून दाखवलेली. वाचलेल्याचा अर्थ लागेपर्यंत त्यांचं अर्धं पान पुढं गेलेलं असे. चौसष्टाव्या पानावर अक्कानं लिहिलं होतं, "जगासाठी ते निरीक्षक होते. मीसुद्धा घरात त्यांना निरीक्षकच म्हणायची. दिवसभर ते खात्याचे असत, पण दिवे मालवले, की" आणि तिथं पान संपत होतं. साहेबांनी घसा साफ केला आणि पासष्टावं पान खड्या आवाजात सुरू केलं.

"मी निरीक्षकांच्या छातीवर चढून बसले. आज त्यांचा श्वास कालच्यापेक्षा गोड होता. तो मी घोटाघोटानं प्यायले. त्यांचे ओठ निळे पडले तेव्हा मला दया आली. पण तहान ही दयेहून जुनी असते. 'अहो, डोळे मिटू नका,' मी त्यांच्या कानाशी कुजबुजले, आणि माझी गार बोटं त्यांच्या बरगड्या एकेक करून मोजत खाली..."

साहेब थांबले. चष्मा काढला, पुसला, परत लावला. अक्षरं तीच होती.

"इथं... इथं वहिनींनी फार मोकळेपणानं लिहिलं आहे," ते म्हणाले आणि टेबलावरचं अख्खं तांब्याभर पाणी प्यायले.

मग दोनशे लोकांनी आपापल्या हातातली पुस्तकं एकदम उघडल्याचा आवाज झाला. तीन महिन्यांत कुणी भाऊजींमध्ये एवढा रस घेतला नव्हता.

अक्का पहिल्या रांगेत बसली होती. ती अर्धवट उठली, तशीच थांबली आणि परत खाली बसली. मागं वळून तिनं पाहिलं नाही. इकडं डिंक्याच्या तोंडात बिस्किटाचा लगदा झाला होता, तो ना आत जाईना ना बाहेर येईना. कारण ती छाती, ती तहान आणि त्या बरगड्या त्याच्या चांगल्या ओळखीच्या होत्या. गेल्या आठवड्यात त्या पानांच्या घड्या घालताना त्यानंच हे सगळं चवीनं वाचलं होतं. फक्त दुसऱ्या पुस्तकात.

त्याचं असं झालं होतं. त्याच आठवड्यात छापखान्यात एक कादंबरी बाइंडिंगला आली होती, 'सावलीची शेज'. लिहिणारी बाई दाताची डॉक्टर. दिवसभर लोकांच्या दाढा उपटायची आणि उरलेल्या वेळात ही असली भुतावळ लिहायची. तिच्या कादंबरीत पुरुषांच्या स्वप्नात शिरून त्यांचा जीव शोषणाऱ्या स्वप्नजखिणी होत्या, बायकांच्या स्वप्नात जाऊन तेच करणारे स्वप्नवेताळ होते, आणि मधोमध एक देखणा पोलीस निरीक्षक होता. एक जखीण त्याला संपवायला येते आणि त्याच्या प्रेमात पडते. गोष्ट ती स्वतःच सांगते, मी-मी करून. जखीण जुन्या वळणाची असल्यामुळे ज्याचं रक्त आटवते त्याला अहो-जाहो करते, 'निरीक्षक' सोडून दुसरी हाक मारत नाही.

आता छापखान्याचा मालक असा, की त्याच्याकडं टाईप एक, कागद एक आणि आकार एक. पानाच्या डोक्यावर पुस्तकाचं नाव टाकायची पद्धत त्यानं केव्हाच बंद केली होती. "नाव मुखपृष्ठावर आहे की! वाचणारा काय पानागणिक विसरतो?" पुस्तक छापलं जातं सोळा-सोळा पानांच्या फॉर्ममध्ये. हे फॉर्म एकावर एक लावून शिवले की पुस्तक झालं. कुठला फॉर्म कुठल्या पुस्तकाचा हे कळावं म्हणून डिंक्या पहिल्या पानाच्या तळाशी पुस्तकाच्या नावाचं पहिलं अक्षर, काना-मात्रा सोडून, आणि आकडा छापून घेई. वीस वर्षांत त्याची ही युक्ती कधी चुकली नव्हती. यंदा एका बाजूला होतं 'सद्गुणसौरभ', दुसऱ्या बाजूला 'सावलीची शेज'. दोन्हींवर 'स'. दोन्हींच्या पाचव्या फॉर्मवर 'स ५'. पान पासष्ट ते ऐंशी.

सभा उरकली ती फोटोवर फुलं वाहायच्या आतच. डिंक्या धावत छापखान्यात आला आणि त्यानं 'सावलीची शेज'च्या प्रती उघडायला सुरुवात केली. कादंबरीच्या प्रती होत्या पाचशे. स्मरणग्रंथात कादंबरीचे पाचवे फॉर्म दोनशे गेले होते. म्हणजे स्मरणग्रंथाचे तेवढेच पाचवे फॉर्म, अक्काची ती जवळजवळ सगळी वही, कादंबरीत गेली होती.

"त्या प्रती कुठायत?" त्यानं मालकाला विचारलं.

"गेल्या की काल. तू म्हणालास ना, डिंक वाळला?"

मालकानं डिंक्याच्या हातातला 'सद्गुणसौरभ' घेतला, पासष्टावं पान वाचलं, मग सहासष्टावं. तिसऱ्या पानाला तो स्टुलावर बसला. "तुझे भाऊजी दिसायला तसे वाटत नव्हते रे," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी डिंक्या पुस्तकं परत गोळा करायला निघाला. सोबत कापडी पिशव्या चार. बहाणा तयार होता, की शिलाई कच्ची राहिली आहे, उसवेल, परत शिवून आणून देतो. संध्याकाळपर्यंत त्याला मिळाली पुस्तकं दोन. एक होतं आंधळ्या माणसाचं.

"उसवू दे," खात्यातला बडा कारकून दारातच म्हणाला. "बायको वाचतेय. मग मेहुणी वाचणार आहे."

"पण मधली पानं चुकीची—"

"चुकीची कशी? मला तर आता सगळा उलगडा झाला. निरीक्षकसाहेब सकाळी टेबलावर बसून डुलक्या घ्यायचे. आम्हाला वाटायचं, फायली."

जुन्या शिपायानं तर पुस्तक छातीशी धरलं. "मी साहेबांचा डबा उघडायचो ना, कधी अर्धा पण संपायचा नाही. माणूस आतून पोखरत चालला होता. एकदा म्हणाले पण होते मला, छातीवर काहीतरी बसल्यासारखं वाटतं. मी म्हटलं, साहेब, गॅस असेल." शिपायाचे डोळे भरून आले. "गॅस नव्हता तो."

डिंक्या जितकं समजवायला जाई तितकं प्रकरण चिघळत जाई. हा बाइंडर आहे, बहिणीची अब्रू झाकायला धडपडतोय, असं लोक एकमेकांना डोळ्यांनी सांगत. त्यात आणखी एक घोळ होता. एक्याऐंशीव्या पानापासून सहावा फॉर्म, म्हणजे अक्काचाच लेख, पुढं चालू होई. ऐंशीव्या पानाच्या तळाशी जखीण म्हणत होती, "त्या रात्री मी शेवटचा घोट घ्यायचं ठरवलं. निरीक्षकांनी डोळे उघडले, माझ्याकडं पाहिलं, पण" आणि एक्याऐंशीव्या पानावर अक्का म्हणत होती, "त्यांनी कधी तक्रार केली नाही. शेवटपर्यंत शांत होते. अशा देवमाणसाची सेवा माझ्या हातून घडली, हे माझं भाग्य." त्याखाली सही होती.

भावजींनी ही ओळ पेन्सिलीनं अधोरेखित केली आणि पुस्तक घेऊन ते थेट पोलीस चौकीत गेले. हवालदारानं सोळाही पानं उभ्या उभ्या वाचली.

"कबुली तर लेखी आहे," तो म्हणाला. "पण कलम कुठलं लावू? श्वास पिण्याला कलम नाही. बरं, हे पुस्तक राहू द्या इथंच. साहेबांना दाखवतो." पुस्तक गेलं ते गेलंच.

वन्संचं निराळंच. त्या डिंक्याला रस्त्यात भेटल्या तेव्हा त्यांनी गळ्याभोवती दोन पदर गुंडाळले होते. "माझ्या भावाचा श्वास प्यायली हो ती! आणि मी तिला माझ्याच खोलीत गादी घालून देणार होते!"

"अहो, ती कादंबरीतली पानं आहेत. भुताटकीची."

"मग मी काय म्हणतेय?" वन्सं म्हणाल्या.

चार दिवस डिंक्याला अन्न गोड लागलं नाही. ज्या बहिणीनं आपल्याला मोठं केलं, तिनं जन्मात एकदा तोंड उघडलं, आणि आपण त्या तोंडात जखिणीचे शब्द घातले. लोकांनी काय म्हणायचं ते म्हणोत, पण अक्का आता आपल्याला दारात उभं करणार नाही, हे त्यानं धरूनच ठेवलं होतं. पाचव्या दिवशी दुपारी त्यानं मन घट्ट केलं आणि तिच्या घरी गेला. अक्का ओट्याशी उभी होती, चहा उकळत होता.

"आलास? बस."

"अक्का, मला तुला एक—"

"पाचवा फॉर्म चुकला," अक्का म्हणाली.

डिंक्यानं आ वासला. "तुला माहीत होतं?"

"मी लिहिलेलं मला कळणार नाही होय रे? असल्या बरगड्याबिरगड्या मी कशाला मोजायला जाऊ?"

"मग तिथं सभेत का नाही बोललीस? दोन शब्द बोलली असतीस तर सगळं मिटलं असतं."

"बोलणार होते. उठले पण होते." अक्कानं चहा गाळला. "तेवढ्यात वन्सं दोन खुर्च्या लांब सरकल्या. तेहेतीस वर्षांत पहिल्यांदा. म्हटलं, थोडा वेळ बसून तर बघू, आणखी कोण कोण सरकतं."

"आणि?"

"काल फोन आला त्यांचा. म्हणाल्या, वहिनी, तुम्ही आपल्या घरातच राहा, तुम्हाला तिथंच बरं वाटेल. भावजी तर घराची किल्ली परत द्यायला आले, ते खालच्या दुकानात ठेवून पळाले. जिना चढायची छाती झाली नाही त्यांची."

डिंक्याच्या मनावरचं मणभर ओझं उतरलं. त्यानं बशीत ओतून चहा भुरकला. "म्हणजे चांगलंच झालं की! मी उगाच चार दिवस झुरतोय. आता ती पुस्तकं गोळा करत नाही. उलट आणखी शंभर काढू म्हणतो."

अक्का हसली नाही. ती समोर बसली आणि ओच्यानं टेबल पुसायला लागली, ते स्वच्छच होतं.

"माझा लेख कुठं गेला रे?"

आता खरं म्हणजे इथं डिंक्यानं खरं सांगायला हवं होतं. पण बापडा घाबरला. गेल्या माणसाबद्दल विश्वासानं लिहिलेलं भुतांच्या बाजारात मांडलं गेलंय, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

"रद्दीत," तो म्हणाला. "चुकून."

"सगळा?"

"सगळा."

"वही?"

"वही पण. तो कंपोझवाला हलगर्जी आहे गं."

अक्कानं तेच टेबल परत एकदा पुसलं. खिडकीबाहेर कुणीतरी मोटारसायकल सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती होत नव्हती.

"असू दे," शेवटी ती म्हणाली. "बोलायची सवय नव्हतीच मला. एकदा बोलले, ते कुणाच्या कानावर नाही पडलं, एवढंच." मग कपबशा उचलता उचलता म्हणाली, "त्या जखिणीचं पुढं काय होतं? मधली सोळाच पानं आहेत माझ्याकडं."

डिंक्यानं दुसऱ्याच दिवशी तिला कादंबरी आणून दिली. देण्याआधी पाचवा फॉर्म तीन वेळा तपासून घेतला. बरोबर होता, जखिणीचाच. हे पाप झाकलं गेलं असं समजून तो कामाला लागला.

तीन आठवड्यांनी दाताची डॉक्टरीण छापखान्यात आली. तिच्या हातात तिचं पुस्तक आणि पत्रांचा गठ्ठा होता आणि चेहरा असा, की मालक आपोआप गालावर हात ठेवून उभा राहिला.

"माझ्या पुस्तकात पान पासष्ट ते ऐंशी काय शिवलंय?" तिनं विचारलं.

मालकानं डिंक्याकडं बोट केलं आणि तो आतल्या खोलीत नाहीसा झाला.

"बाई, चूक झाली," डिंक्या म्हणाला. "सगळ्या प्रती परत आणून देतो, फॉर्म बदलून देतो. माझ्या बहिणीचा लेख आहे तो, तिच्या यजमानांवरचा. साधी बाई आहे हो. कौतुकानं लिहिलंय."

"कौतुकानं?" डॉक्टरीण स्टुलावर बसली. "झोप उडाली असं लिहिलंय लोकांनी मला. हे बघा. ही बाई लिहिते, 'तुमच्या जखिणी वाचताना मला भीती वाटली नाही, खोटं कशाला बोलू. पण मधे जो वेताळ आहे, तो वाचून मी पुस्तक फ्रिजच्या मागं टाकलं.'"

"वेताळ कुठला?"

"तुमचे भाऊजी!" डॉक्टरीण म्हणाली. "ऐका. 'कपाटाच्या दाराचा आवाज त्यांना खपत नसे. तेहेतीस वर्षं मी कपाट आवाज न करता उघडलं.' पुढं ऐका. 'त्यांनी मला कधी नावानं हाक मारली नाही. टेबलावर बोटानं दोनदा वाजवलं की चहा, तीनदा वाजवलं की पाणी. माझी चूक व्हायची नाही, याचा त्यांना अभिमान होता.' आणि हे. 'एकदा मी स्वयंपाकघरात गुणगुणत होते. ते दारात येऊन उभे राहिले. काही बोलले नाहीत. स्वभावच शांत. त्यानंतर मी गुणगुणले नाही.'" तिनं पुस्तक मिटलं. "मी तीन वर्षं घासून चारशे पानं लिहिली. रक्त, सावल्या, थंड बोटं, काय काय घातलं. लोक म्हणतात, लेखिकाबाई, तुमचा खरा वेताळ रात्री येत नाही, तो दिवसाढवळ्या घरात राहतो आणि साडेनऊला झोपतो, काय कमाल केलीत! ज्या तीनशे प्रतींमध्ये तो नाही, ते वाचणारे विचारतात, आमच्यात का नाही? मला भेटायचंय तुमच्या बहिणीला. आत्ता."

डिंक्यानं लेख घड्या घालताना वाचला होता. पण बहिणीचा म्हणून डोळे भरून वाचला होता, डोळे उघडे ठेवून नाही. त्यानं भिंतीवरची टोपी काढली आणि मुकाट्यानं पुढं चालू लागला. सहा वर्षांचे असल्यापासून जिच्या शेजारी बसून जेवलो, तिची ही गोष्ट तेहेतीस वर्षांत आपल्या लक्षात आली नाही, असं काहीतरी त्याच्या डोक्यात घोळत होतं, आणि त्याला ते मुळीच आवडत नव्हतं.

अक्कानं दार उघडलं. डॉक्टरीणबाईंनी ओळख करून दिली, पुस्तक पुढं केलं, पत्रं टेबलावर ठेवली आणि एक पत्र वाचूनही दाखवलं. अक्का उभ्यानं ऐकत होती. दुसऱ्या पत्राला ती खुर्चीवर बसली. त्यात कुणा बाईनं एवढंच लिहिलं होतं, "माझ्याही घरात एक आहे. तुम्हाला कसं कळलं?"

तिनं पुस्तक उघडलं, पासष्टाव्या पानावर बोट ठेवलं आणि सावकाश, अक्षर न् अक्षर लावत वाचत गेली. मागचं पान, जखिणीचं. मग आपलं. थेट ऐंशीव्या पानापर्यंत.

मग तिनं डिंक्याकडं पाहिलं.

"रद्दीत म्हणालास."

"अक्का, मला वाटलं, तुला लाज..."

"दोनशे घरांत गेलाय माझा लेख. आणि तू रद्दी म्हणालास."

डिंक्यानं मान खाली घातली. लहानपणी दूध सांडल्यावर घालत असे तशी.

"तुम्ही हे खरंच कौतुक म्हणून लिहिलं होतंत?" डॉक्टरीणबाईंनी हळूच विचारलं.

"लिहिताना तरी," अक्का म्हणाली. "तिकडं त्या बत्तीस जणांच्या मधे ते कौतुकच वाटलं असतं. इथं हिच्या शेजारी बसलं आणि दिसलं." तिनं जखिणीच्या पानावर हात फिरवला. "जुळवणी बरोबर झाली आहे. फॉर्म चुकला नाही."

डॉक्टरीणबाई पुढं सरकल्या. "दुसरी आवृत्ती काढायची आहे. हा भाग सगळ्या प्रतींत घालू द्या. तुमचं नाव मुखपृष्ठावर, माझ्या नावाशेजारी."

"नाव नको," अक्का म्हणाली. "घाला खुशाल. पण माझी एक अट आहे."

"बोला ना."

"मी तुमचं पुस्तक शेवटपर्यंत वाचलं, चांगल्या प्रतीतलं. छान लिहिता. पण शेवटी ती जखीण त्या निरीक्षकाचा श्वास परत करते, आणि तो वाचतो."

"हो. प्रेमापोटी. तेच तर सगळं पुस्तक आहे."

"तेवढं बदला," अक्का म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी अक्काकडं पाहिलं, मग भिंतीवरच्या भाऊजींच्या फोटोकडं पाहिलं, मग पर्समधून पेन काढलं आणि मुकाट्यानं लिहून घेतलं. चहा न घेताच त्या गेल्या. संध्याकाळचे रुग्ण खोळंबले आहेत म्हणाल्या.

अक्कानं टेबलावरची पत्रं नीट एकावर एक रचली. फार वर्षांनी तिचा चेहरा मोकळा दिसत होता, गालांवर थोडा रंगही आला होता.

"डिंक्या, जेवून जा. आणि आता एवढ्या लांब कुठं जातोस? आज इथंच झोप की, त्यांच्या खोलीत. गादी घालते."

"नको गं अक्का," डिंक्या चपला शोधत म्हणाला. "मला हल्ली आधीच धाप लागते."